गाळलेलं आणि उकळलेलं

माझ्या आजीच्या, माईच्या स्वयंपाकघरात पाण्याची दोन भांडी असायची. एक पितळी हंडा, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेला. दुसरी तांब्याची कळशी, झाकण घातलेली. हंड्यातलं पाणी गाळलेलं. ते तांदूळ धुवायला, भांडी विसळायला. कळशीतलं पाणी गाळून, उकळून, निववलेलं. प्यायचं ते तेवढंच. लहानपणी मी खेळून धापा टाकत यायचे आणि समोर दिसेल त्या हंड्यात तांब्या बुडवायचे. माई असेल तिथून ओरडायची, "ते नव्हे! कळशीतलं घे."

"का गं? हेही स्वच्छच आहे की."

"दिसायला," एवढंच ती म्हणायची.

त्या एका शब्दामागची गोष्ट तिने मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. आणि तिचा अर्थ कळला तो त्याहूनही उशिरा, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागल्यावर.

माईचं सासर दुष्काळी टापूतलं. गावाला पाण्याची एकच जागा, पायऱ्यांची विहीर. बायका पायऱ्या उतरत आणि पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. त्याच पाण्यातून गावात नारू फिरायचा. पाण्यातल्या बारीक किड्यांबरोबर तो पोटात जाई, वर्षभर अंगात वाढे आणि मग एके दिवशी पायावर फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा डोकावे. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. फोडाची आग अशी, की पाय गार पाण्यात बुडवल्याशिवाय चैन पडत नसे. आणि पाय पाण्यात गेला की नारू आपली हजारो पिल्लं त्या पाण्यात सोडून देई. ज्याला दुखतंय त्याला आराम मिळे, आणि पुढच्या वर्षीचं दुखणं सगळ्या गावाच्या घागरींत भरलं जाई.

एका उन्हाळ्यात माईच्या सासऱ्यांना नारू झाला. आरोग्य खात्याची माणसं तोवर गावात येऊन सांगून गेली होती की पाणी दुहेरी फडक्याने गाळा, आणि ज्याला नारू झालाय त्याने विहिरीत उतरू नये. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा विहिरीच्या काठावर लिंबाच्या सावलीत बसून राहायचे. पाय पेटलेला आणि दहा पायऱ्या खाली गार पाणी. माई घागर भरून वर आणायची, विहिरीपासून लांब नेऊन त्यांच्या पायावर धार धरायची. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, भर दुपारी कोण बघतंय? बुडवा एकदा पाय."

अण्णा म्हणाले, "संध्याकाळी हेच पाणी पोरं पिणार आहेत."

गावाने फडकी बांधली. विहिरीच्या पायऱ्या बुजवून वर कठडा घातला, रहाट बसवला. नारू गावातून गेला. पुढे सगळ्या देशातूनच गेला. 1996 नंतर भारतात नारूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

पण माईच्या घरात फडक्याचं राज्य त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं. नारू हटल्यावरच्या एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी विहिरीत शिरलं आणि घरोघर हगवण लागली. माईने पाणी नेहमीपेक्षा जास्त निगुतीने गाळलं, फडक्याची तिसरी घडी घालून. माझा सगळ्यात धाकटा काका तेव्हा तीन वर्षांचा होता. दोन दिवसांत तो गेला.

"फडक्याचं काही चुकलं नाही," माई सांगायची. "फडकं ज्याला ओळखतं त्याला अडवतं. ज्याला ओळखत नाही, तो त्याच्या देखत आत जातो."

त्या दिवसापासून घरात कळशी आली.

*

मी ज्या रक्तपेढीत काम करते ती एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर आहे. रक्तदात्याकडून 350 मिलिलिटर रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवून त्याचे तीन भाग करायचे. लाल पेशी शीतकपाटात. प्लाझ्मा गोठवून, तो वर्षभर टिकतो. आणि प्लेटलेट्स 22 अंशांवर, सतत हलत्या फळीवर, फक्त पाच दिवस. प्लेटलेटची पिशवी हातात घेऊन उजेडासमोर धरली की आत मंद वलयं फिरताना दिसतात, उन्हात धुकं हलावं तशी. वलयं दिसली म्हणजे पेशी धडधाकट आहेत. रोजच्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं काम तेच.

प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया. पाचही निगेटिव्ह आल्या की मी पिशवीवर लेबल लावते. ते लेबल लावताना मला दर वेळी अभिमान वाटायचा. माझ्या हातून गेलेली पिशवी म्हणजे निर्धास्त, असं मी धरून चालले होते.

रक्तदान झालं की दात्याला चहा-बिस्किटं मिळतात आणि सोबत एक छोटी चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं असतं: घरी गेल्यावर ताप आला, जुलाब लागले, किंवा आम्हाला सांगायची राहून गेलेली एखादी गोष्ट आठवली, तर या क्रमांकावर कळवा. ती चिठ्ठी मी रोज वीस-पंचवीस जणांच्या हातात एक शब्दही न बोलता कोंबत असे. माझा विश्वास तपासण्यांवर होता. चिठ्ठी म्हणजे माझ्या लेखी कागदाचा कपटा.

मग तो पावसाळा आला. डेंग्यूने शहर धरलं. प्लेटलेटसाठी दिवसरात्र फोन. वर मुलांच्या वॉर्डात एक सात वर्षांची मुलगी होती, रक्ताच्या कर्करोगाची. औषधांनी तिच्या प्लेटलेट्स इतक्या खाली गेल्या होत्या की हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. तिची आई ऊसतोडीवरून आलेली. दिवसातून दहादा जिना उतरून आमच्या खिडकीशी यायची. प्लेटलेट हा शब्द तिच्या तोंडी बसत नव्हता. ती विचारायची, "ताई, पिवळी पिशवी आली का?"

सोमवारी रिक्षा स्टँडवर शिबिर झालं. मंगळवारी संध्याकाळी पाचही तपासण्या निगेटिव्ह आल्या, मी पिशवी उजेडासमोर धरली, सुंदर वलयं दिसली, आणि मी लेबल लावून ती वर पाठवली. मुलीच्या आईने खिडकीतून हात जोडले.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"ताई, मी काल शिबिरात रक्त दिलं होतं. रिक्षा चालवतो. चिठ्ठीवर लिहिलंय म्हणून फोन केला. दुपारपासून थंडी वाजून ताप आलाय, डोळ्यांच्या मागे ठणकतंय. काही बिघडत नाही ना?"

मी त्यांचा क्रमांक पिशवीच्या नोंदीशी ताडून पाहिला आणि जिन्याकडे धावले. धावता धावताच वॉर्डात फोन लावला. मी पोचले तेव्हा सिस्टरने पिशवीला नळी जोडली होती. मुलीच्या हाताला जोडायची राहिली होती.

त्या दात्याच्या रक्ताच्या तिन्ही पिशव्या आम्ही बाजूला काढल्या. मुलीसाठी दुसऱ्या शहरातून पिशवी मागवली, ती पहाटे आली. तोवर तिची आई माझ्याकडे एकटक बघत भिंतीला टेकून बसून होती. मी दिलेली पिशवी मीच का परत नेली, हे तिला कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्या दादांच्या तपासणीत डेंग्यू निघाला.

*

त्या दिवशी घरी आल्यावर मी माईला सगळं सांगितलं. ती आता ऐंशीच्या घरात आहे, पण कान तिखट. तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमची ती यंत्रं किती जणांना ओळखतात?"

"पाच जणांना."

"डेंगू त्यात आहे?"

"नाही. आणि त्या पाचांतलंही कुणी नुकतंच अंगात शिरलं असेल, तर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, तपासणीत सापडतच नाही."

माई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पोरी, तुम्ही गाळता. उकळत नाही."

"माई, रक्त कसं उकळणार? त्याचा कढ काढला तर उरेल काय?"

"ते मला काय ठाऊक? मी अंगठेबहाद्दर बाई. पण ज्यांनी रक्ताचे तीन तुकडे करायची रीत काढली, त्यांना न तापवता उकळायची रीत सापडणार नाही होय?"

मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी मी आमच्या रक्तपेढीप्रमुखांपुढे जाऊन उभी राहिले. सर निवृत्तीला आलेले. निम्मं आयुष्य त्यांनी या तळमजल्यावर काढलं आहे. मी माईचा प्रश्न जसाच्या तसा त्यांना विचारला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझी आजी बरोबर बोलली. मी नोकरीला लागलो तेव्हा लोक रक्त विकायचे. भुकेला माणूस पैशांसाठी आजार लपवायचा. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकत घेणं बंद झालं. पहिली सफाई ती. तपासण्यांचं म्हणशील, तर एचआयव्हीची तपासणी 1989 ला सक्तीची झाली, क काविळीची 2001 ला. यादीतलं एकेक नाव आधी कुणाच्या तरी अंगात शिरलंय आणि मग कागदावर आलंय. आपण शत्रूला नावाने ओळखतो आणि अडवतो. ज्याला नावच नाही त्याला कसं अडवणार?"

मग त्यांनी मला रियुनियन बेटाची हकीकत सांगितली. हिंदी महासागरातलं फ्रान्सच्या ताब्यातलं हे छोटं बेट. 2005-06 मध्ये तिथे चिकुनगुनिया पसरला. त्याच साथीने 2006 मध्ये आपल्या महाराष्ट्रातही गावंच्या गावं सांधे धरून बसवली. बेटाची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास, आणि अडीच लाखांहून जास्त माणसं आजारी पडली. कुठल्या दात्याच्या रक्तात विषाणू आहे हे ओळखायचं कसं? जानेवारी 2006 मध्ये बेटावर रक्त गोळा करणं थांबवावं लागलं. लाल पेशी आणि प्लाझ्मा नऊ हजारांहून जास्त किलोमीटरवरून, फ्रान्सच्या मुख्य भूमीवरून मागवता आला. पण प्लेटलेट? त्यांचं आयुष्य पाच दिवसांचं. त्यातले दिवस तपासणीत आणि प्रवासात गेले, की रुग्णासाठी उरणार काय?

"मग त्यांनी काय केलं?"

"दाते बेटावरचेच घेतले, आणि प्लेटलेट्स उजेडाने धुतल्या," सर म्हणाले.

त्यांनी माझ्या नोंदवहीच्या मागच्या पानावर एक वेणी काढली. "हे बघ. लाल पेशीला केंद्रक नसतं. प्लेटलेटलाही नसतं. प्लाझ्मा म्हणजे तर नुसता द्रव. यांना वाढायचं नसतं, रुग्णाच्या अंगात आपलं काम करून संपायचं असतं. जंतूचं उलट आहे. विषाणू असो, जिवाणू असो की मलेरियाचा परजीवी, त्याला एकाचे हजार व्हायचं असतं. त्यासाठी आपली जनुकांची वेणी उलगडून तिची नक्कल काढावी लागते. ती वेणी उलगडूच दिली नाही तर?"

"तर तो वाढणार नाही."

"तो आत असेल, पण त्याचा वंश पुढे जाणार नाही. रोग होतो तो वाढल्याने. पिशवीत अ‍ॅमोटोसॅलेन नावाचं औषध मिसळतात. ते वेणीच्या पेडांमध्ये जाऊन बसतं. नुसतं बसतं, करत काही नाही. मग पिशवीवर काही मिनिटं अतिनील किरण सोडतात. उजेड पडला की ते औषध दोन्ही पेडांना धरतं आणि पक्की गाठ मारतं. वेणी कायमची बंद. पिशवीत दात्याच्या पांढऱ्या पेशी राहिलेल्या असतात, त्यांनाही गाठ बसते. तेही बरंच, कारण त्या वाढल्या तर अशक्त रुग्णावर उलटतात. उरलेलं औषध मग शोषून घेतात आणि पिशवी वापरायला तयार. जंतूचं नाव काय, तो कुठल्या देशातून आला, हे त्या गाठीला विचारावं लागत नाही."

सर बोलत गेले आणि मी लिहून घेत गेले. हाच उपाय वेगळ्या रीतीनेही करतात. एका पद्धतीत रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व, आणि अतिनील उजेड वापरतात. प्लाझ्मासाठी मिथिलिन ब्लू हा निळा रंग आणि साधा डोळ्यांना दिसणारा उजेड चालतो. स्वित्झर्लंडने 2011 पासून देशातली प्रत्येक प्लेटलेटची पिशवी अशी उजेडाखालून काढायला सुरुवात केली. प्लेटलेट्स उबेत ठेवाव्या लागतात, त्यामुळे दात्याच्या कातडीवरचा एखादा जिवाणू सुईबरोबर आत गेला तर पाच दिवसांत त्याचे कोट्यवधी होतात. त्याआधीच्या वर्षांत अशा जिवाणूंनी तिथे रुग्णांचे जीव घेतले होते. उजेडाची पद्धत आल्यावर पहिल्या काही वर्षांच्या अहवालांत असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. फ्रान्सने 2017 मध्ये हीच पद्धत देशभर लागू केली.

"ही श्रीमंत देशांची गोष्ट झाली, सर."

"मग कुमासीची ऐक. आफ्रिकेतल्या घाना देशातलं शहर. तिथे मलेरिया इतका, की निरोगी दिसणाऱ्या दात्यांच्या रक्तातही त्याचे परजीवी सापडतात. सगळ्यांना नाकारलं तर रक्त मिळणार कुठून? तिथल्या डॉक्टरांनी अख्ख्या रक्तावर रायबोफ्लेविन आणि उजेडाची पद्धत करून पाहिली. तो अभ्यास 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या रुग्णांच्या अंगात आधी परजीवी नव्हते आणि ज्यांना परजीवी असलेलं रक्त मिळालं, त्यांचे दोन गट होते. प्रक्रिया न केलेलं रक्त मिळालेल्या 37 जणांपैकी 8 जणांना मलेरिया झाला. प्रक्रिया केलेलं रक्त मिळालेल्या 28 जणांपैकी एकाला."

"एकाला झालाच, म्हणजे?"

"म्हणजे ही जादू नव्हे," सर म्हणाले. "काही जिवाणू बीजाणूच्या कवचात बसतात, त्यांच्यापर्यंत औषध पोचत नाही. अ प्रकारच्या काविळीसारखे काही विषाणू चिवट असतात. रक्तात विषाणू फारच जास्त असतील तर एखादा निसटू शकतो. प्लेटलेट्सही थोड्या कमी होतात. वेगळ्या काढलेल्या लाल पेशींना नुसता उजेड पुरत नाही, त्यांचा रंगच तो पिऊन टाकतो. त्यांच्यासाठी उजेडाशिवाय काम करणाऱ्या औषधावर अजून काम चालू आहे. आणि या सगळ्याला पैसे लागतात. आपल्या रक्तपेढीत ते यंत्र नाही. मी मागत राहीन. माझ्यानंतर तू मागत राहा."

मी उठता उठता विचारलं, "ते औषध काढलं कशातून?"

"ते प्रयोगशाळेत तयार करतात. पण त्याचं घराणं सोरालेनचं. सोरालेन काही झाडांत असतं. आपल्याकडे बावचीच्या बियांत."

*

संध्याकाळी मी माईला वेणीची, गाठीची आणि उजेडाची गोष्ट सांगितली. बावचीचं नाव निघाल्याबरोबर ती ताठ बसली.

"बावची? माझ्या थोरल्या जाऊबाईंना कोड होतं. वैद्यांनी बावची उगाळून डागावर लावायला सांगितली आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायला. मोजून बसायचं, जास्त नाही. एकदा त्या जास्त बसल्या तर डागांवर फोड आले. एकदा पावसाळ्यात आठ दिवस नुसती बावची लावली, ऊन नव्हतं. काहीच झालं नाही. वैद्य म्हणाले होते, बी एकटं काही करत नाही, ऊनही एकटं काही करत नाही. दोघांची गाठ पडली की काम होतं."

मी थक्क झाले. सरांनी सकाळी वहीत काढलेली वेणी माईने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपल्या अंगणात पाहिली होती. बावची खाऊन रक्त शुद्ध होतं असा याचा अर्थ नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर ऐकूही नये. पण उन्हाशी गाठ पडल्यावर बीजातला गुण जागा होतो ही ओळख आपल्या वैद्यकाला फार जुनी. विज्ञानाने ती गाठ रक्ताच्या पिशवीत नेऊन नेमकी जिथे हवी तिथे मारली.

"म्हणजे तुमची कळशी तयार आहे तर," माई म्हणाली.

"तयार आहे, माई, पण आमच्याकडे यायची आहे. आणि आली तरी लाल पेशींसाठी अजून पुरती नाही."

"मग ती येईपर्यंत काय करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला दोन महिन्यांनी मिळालं.

*

रिक्षावाले दादा बरे होऊन रक्तपेढीत आले, ते अंग चोरून. खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "ताई, माझं रक्त वाया गेलं ना? तुम्हाला उगाच धावपळ झाली. मनात आलं, फोन केला नसता तर बरं झालं असतं का?"

मी त्यांना आत बोलावून बसवलं आणि त्या रात्रीची सगळी हकीकत सांगितली. पिशवी कुठे पोचली होती, नळी कुठे जोडायची राहिली होती. ते ऐकत होते आणि त्यांचे हात थरथरत होते. मग त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. चुरगळलेली, पण जपलेली. रिक्षातल्या देवाच्या तसबिरीमागे त्यांनी ती खोचून ठेवली होती. "तुम्ही हातात दिलीत, म्हणजे कामाचीच असणार, असं वाटलं," ते म्हणाले.

जी चिठ्ठी मी न बोलता कोंबत होते, ती या माणसाने देवामागे ठेवली होती. मान खाली घालायची पाळी माझी होती.

त्याच वेळी खिडकीशी मुलीची आई आली. मुलगी उपचारांना साथ देत होती, आणखी एक पिशवी हवी होती. हे दादा कोण, ते मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. पदराच्या गाठीतून एक खडीसाखरेचा खडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्या संध्याकाळी दादांनी मला रिक्षातून घरी सोडलं. मी त्यांना पाणी प्यायला आत बोलावलं. माईने कळशीतून तांब्या भरला, त्यांच्या हाती दिला आणि समोर बसून त्यांना न्याहाळत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या अण्णा पणजोबांची आठवण झाली. पाय पेटला होता तरी विहिरीत उतरले नाहीत."

दादांना काही कळेना. माईने त्यांना नारूची गोष्ट सांगितली. विहिरीची, फडक्याची, लिंबाच्या सावलीची. आणि काकाचीही. मग ती मला म्हणाली, "पोरी, तू विचारत होतीस ना, का गाळायचं आणि का उकळायचं. पण आधी विहीर राखावी लागते. अण्णांनी पाय बुडवला असता, तर माझ्या फडक्याने काय काय अडवलं असतं? आणि कळशी आली म्हणून मी कधी गटाराचं पाणी आणून उकळलं नाही. विहीर राखायची, पाणी गाळायचं, मग उकळायचं. यातलं एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नसतं. घोटभर पाणी दुसऱ्याच्या लेकराच्या पोटात जायचं असतं."

माझं उत्तर मला मिळालं. यंत्र येईपर्यंत काय करायचं तेही, आणि आल्यावर काय सोडायचं नाही तेही.

आता आमच्या शिबिरांत चहा देण्याआधी मी प्रत्येक दात्यासमोर बसते आणि ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवते. दोन दिवसांत ताप आला, जुलाब लागले, किंवा सांगायला संकोच वाटलेली एखादी गोष्ट मागाहून मनाला टोचली, तर फोन करा. रात्री दोनलाही चालेल. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, तुम्हाला कुणी रागावणार नाही. रक्त दिल्याने तुमचं दान सुरू होतं, पुरं होतं ते रुग्णाच्या अंगात सुखरूप पोचल्यावर. बऱ्याचदा दादा माझ्या शेजारी उभे असतात. ते भाषण करत नाहीत. आपली जुनी चिठ्ठी फक्त उंच धरून दाखवतात.

आणि दर वर्षी, अंदाजपत्रकाच्या वेळी, मी त्या यंत्रासाठी अर्ज लिहिते. सर आता निवृत्त झाले आहेत. अर्जाला मी त्यांनी माझ्या वहीत काढलेल्या वेणीचं चित्र जोडते. खाली एकच वाक्य लिहिते, माईचं: जे ओळखता येतं ते गाळावं, जे ओळखता येत नाही त्याच्यासाठी उकळावं, आणि दोन्हीच्या आधी आपला पाय विहिरीबाहेर ठेवावा.